त्याच्या उजवीकडे

बरणीतला तुकडा मी चमच्याने अलगद बाहेर काढला, टिपकागदावर क्षणभर टेकवला आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवला. सुपारीपेक्षा थोडा मोठा, दुधाळ पिवळा. फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत होते, पण डोळ्यांना हात लावायची सोय नव्हती.

"नाक खिडकीकडे," असं डॉक्टर सबनीस जाताना सांगून गेले होते. तुकड्याला नाक कुठून असणार? मेंदूचा तो नुसता मधला भाग. पण जनावर जिवंत असताना ज्या बाजूला त्याचं नाक होतं ती बाजू खिडकीकडे करायची, असा त्याचा अर्थ. मग उजव्या अंगाने बारीक सुई पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत आरपार घालायची. पुढे त्या तुकड्याचे शेकडो पातळ सेक्शन कापले जातात, आणि प्रत्येकात ते भोक टाचणीच्या टोकाएवढं दिसतं. सेक्शन काचेवर कसाही उलटासुलटा बसला तरी उजवी बाजू कुठली ते त्या भोकावरून कळतं.

मी नाक खिडकीकडे केलं. त्याच्या उजवीकडे सुई घातली. त्या दिवशी असे सहा तुकडे केले, नवव्यापासून चौदाव्यापर्यंत. एकेक अल्कोहोलच्या बरणीत सोडला, चिठ्ठ्या लावल्या, हात तीनदा साबणाने धुतले आणि घरी पानं वाढायला गेले.

हे एकोणीसशे शहात्तरच्या नोव्हेंबरातलं. मी बत्तीस वर्षांची होते. आमचं गाव कृष्णेच्या काठचं, आणि तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनेच्या विभागात मी तात्पुरती तंत्रज्ञ होते. तात्पुरती म्हणजे दर सहा महिन्यांनी नवा कागद. माझी आई खाणावळ चालवायची, वीस-बावीस पानांची. वडील गेल्यापासून तिनं त्या चुलीवरच मला शिकवलं होतं, आणि आता त्याच चुलीच्या धुरानं तिची छाती भरली होती. डॉक्टरांनी तिला स्वयंपाक बंद करायला सांगितलं होतं. ती म्हणायची, शरयूची नोकरी पक्की होऊ दे, त्या दिवशी चूल विझवते.

नोकरी पक्की व्हायची एकच वाट होती. विभागातले जुने तंत्रज्ञ रघुनाथ मेस्त्री फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होते. ती जागा मला मिळावी असा शिफारशीचा अर्ज डॉक्टर सबनीसांच्या खणात होता. त्यांची सही तेवढी बाकी होती.

मेस्त्री मूळचे मालवणकडचे. एकतीस वर्षं सेक्शन कापत होते. तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून कापतात. मायक्रोटोम या कापायच्या यंत्राच्या पात्याखालून त्यांची मेणाची रिबन निघायची ती वीतभर लांब, कुठे सुरकुती नाही की चीर नाही. ती ते ब्रशनं उचलून कोमट पाण्यावर सोडायचे, तेव्हा शिकाऊ डॉक्टरसुद्धा बघायला थांबायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. नंबर टाकायचे, सही करायचे, तेवढंच. त्यांची एक खोड होती. सेक्शन कापून झाल्यावर मेणाच्या ब्लॉकचा जो बुडखा उरतो तो सगळे टाकून देतात. मेस्त्री तो टाकत नसत. त्यावर नंबराची चिठ्ठी डकवून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. "मेस्त्री, त्यांचं लोणचं घालणार का?" असं डॉक्टर चिडवायचे. "घालीन की, साहेब. मुरायला वेळ लागतो," असं ते शांतपणे म्हणायचे.

नोव्हेंबरात मेस्त्री मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते आणि डॉक्टर परीक्षक म्हणून नागपूरला. म्हणून ते सहा तुकडे माझ्या एकटीच्या हाती आले होते.

ते तुकडे होते पोसमच्या मेंदूचे. पोसम म्हणजे ऑस्ट्रेलियातलं झाडावर राहणारं, पोटाला पिशवी असलेलं जनावर, मांजराएवढं. मेस्त्री त्याला "पिशवीवाला" म्हणत. डॉक्टर तीन वर्षं तिकडे राहून आले होते आणि येताना चौदा मेंदूंचे मधले भाग बरण्यांतून घेऊन आले होते. त्यांच्या आयुष्याची कमाई त्या बरण्यांत होती.

मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. एकदा दुपारच्या चहाला त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, आणि ते मला अजून आठवतं. मेंदूच्या मध्यावर थॅलॅमस नावाचा भाग असतो. त्याला ते देवडी म्हणाले. स्पर्श, उजेड, आवाज, जे काही बाहेरून आत येतं ते आधी देवडीवर थांबतं, वास तेवढा सोडून. देवडीवरून ते वर जातं, मेंदूच्या सालीकडे. आणि देवडीतल्या प्रत्येक कोपऱ्याचा वरच्या सालीतला तुकडा ठरलेला. तोंडाचा स्पर्श इथून तिथे, पंजाचा स्पर्श इथून तिथे.

"पण हे दिसतं कसं?" मी विचारलं होतं.

"वरचा तुकडा काढून टाकायचा. मग काही आठवड्यांनी देवडीत बघायचं. ज्या पेशी तिकडे निरोप धाडत होत्या त्या सुकून गेलेल्या असतात. निरोप घ्यायला पलीकडे कुणी उरलं नाही, की धाडणारा जगत नाही."

हे ते इतक्या साधेपणाने बोलले, की चहा तसाच राहिला माझा.

त्यांनी सगळ्या चौदा जनावरांवर डाव्या बाजूलाच शस्त्रक्रिया केली होती. पहिल्या आठांत सालीतला तोंडाच्या स्पर्शाचा भाग काढला होता, पुढच्या सहांत पंजाचा. देवडीत सुकलेल्या पेशी डावीकडेच सापडायला हव्यात, कारण आजवर पाहिलेल्या सगळ्या जनावरांत देवडी आपल्याच बाजूच्या सालीशी जोडलेली असते. पिशवीवाल्यांची जात मात्र आपल्यापासून फार फार पूर्वी वेगळी झाली. त्यांच्यातही तसंच असतं का, हे डॉक्टरांना बघायचं होतं.

पहिले आठ तुकडे मेस्त्रींनी सुट्टीच्या आधी करून ठेवले होते. ते परत आले ते काळा चष्मा लावून. आल्या आल्या त्यांनी माझ्या सहा चिठ्ठ्या डोळ्यांजवळ धरून पाहिल्या.

"भोक उजवीकडेच ना, बाई?"

"त्याच्या उजवीकडे," मी म्हणाले.

"हं. त्याच्याच."

कामाच्या रजिस्टरात त्यांनी चौदाही नंबरांपुढे सही केली. तात्पुरत्या माणसाची सही चालत नसे.

डिसेंबरभर आम्ही सेक्शन कापले. त्यांचा डोळा दुखायचा म्हणून बरेचसे मीच कापले, ते शेजारी स्टुलावर बसून पात्याचा आवाज ऐकायचे आणि आवाजावरून सांगायचे, धार गेली, बदला. जांभळ्या रंगात बुडवून, काचेवर चढवून स्लाइड तयार झाल्या. त्यावर नुसते नंबर. कुणी केलं, कुठल्या जनावराचा कुठला भाग काढला होता, यातलं काही न बघता डॉक्टर त्या वाचणार होते. मन आधीच कौल देऊन बसतं, असं त्यांचं म्हणणं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. मायक्रोस्कोपपाशी उभे होते. चेहरा असा, की मला आधी वाटलं कुणी गेलं.

"बघा," ते म्हणाले.

मी वाकून पाहिलं. जांभळ्या ठिपक्यांची दाट वस्ती आणि तिच्यात एक रिकामी जागा. शेताच्या मधोमध खळं असावं तशी.

"भोक कुठे आहे?"

"याच बाजूला."

"याच बाजूला," ते म्हणाले. "मी डावीकडे कापलं आणि पेशी उजवीकडच्या गेल्या. नऊ ते चौदा, सहाही तसेच. तोंडाचे आठ सरळ, पंजाचे सहा उलट."

मग ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. माणसाच्या मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा एक रुंद पूल असतो. पिशवीवाल्यांना तो नसतो, खालून एक जुनी वाट असते तेवढीच. आणि हा प्राणी तर झाडावरचा. एका पंजाने फांदी धरली की दुसऱ्याला ते कळलं पाहिजे, नाहीतर खाली पडेल. मग पंजाचा निरोप त्याने देवडीवरूनच पलीकडे धाडायची सोय केली असेल. पूल नव्हता, म्हणून त्याने पुलाआधीच वाट ओलांडली. हे कुणी पाहिलेलं नाही, असं ते दोनदा म्हणाले. मेस्त्री काळ्या चष्म्याआडून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनाही आनंद झाला होता. त्यांच्या हाताखालून गेलेलं काम होतं ते.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातल्या आपल्या गुरूंना पत्र टाकलं आणि एका परदेशी नियतकालिकाला दोन पानांचं टिपण पाठवलं. मार्चमध्ये हैदराबादच्या परिषदेत ते हे वाचणार होते. माझ्या अर्जाचं मी विचारलं नाही. हैदराबादहून आलो की सगळे कागद हातावेगळे करतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

मेस्त्रींच्या निरोपाचं जेवण फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आमच्या खाणावळीत झालं. विभागातली अकरा माणसं. आईने पुरण घातलं होतं. केळीची पानं मांडली, मेस्त्रींच्या पानाभोवती मी रांगोळी काढली. सगळे बसले आणि डॉक्टर सबनीस एकदम उठून म्हणाले, "आज मेस्त्रींना मी वाढणार. एकतीस वर्षं त्यांनी आम्हाला वाढलंय."

त्यांनी आईच्या हातातून कोशिंबिरीचं पातेलं घेतलं, मेस्त्रींच्या समोर ओणवे झाले आणि चमचाभर कोशिंबीर पानावर घातली. मग चटणी. पंगत हसायला लागली.

"अहो डॉक्टर," आई म्हणाली, "कोशिंबीर, चटणी डाव्या बाजूला. भाजीच्या जागी घातलीत."

"डाव्याच बाजूला घातली की."

"ती तुमची डावी. जेवणाऱ्याची कुठे? तुम्ही समोर आहात त्यांच्या. आमची शरयू आठ वर्षांची असताना एकदा अशी चुकली, मी हातावर पळी मारली होती. परत नाही चुकली."

डॉक्टर मोठ्याने हसले. "माझ्या विभागात असलं काही चालत नाही हो. सरळ नियम आहे. नाक खिडकीकडे. तो पाठमोरा, आपण त्याच्या मागे. आपलं उजवं तेच त्याचं उजवं. डोकं चालवायचंच नाही. काय, मेस्त्री?"

"तसंच, साहेब," मेस्त्री म्हणाले.

माझ्या हातात मठ्ठ्याची कासंडी होती. मी ती खाली ठेवली.

आठव्या वर्षापासून माझ्यापुढे जे काही मांडलेलं असायचं, ते माझ्याकडे तोंड करून असायचं. पान असो, माणूस असो. त्याचं उजवं नेहमी माझ्या डाव्या हाताला. मी कधी त्याचा विचार करत नव्हते, हात आपोआप जायचा. त्या सहा तुकड्यांची नाकं मी सांगितल्याप्रमाणे खिडकीकडे केली होती. ते माझ्याकडे पाठ करून होते. आणि मी सुई घातली होती माझ्या डाव्या हाताला.

किंवा घातली नव्हती. मला आठवेना. ट्रे आठवत होता, ऊन आठवत होतं, सुई आठवत होती. हात कुठल्या बाजूला गेला ते आठवत नव्हतं.

आईनं खुणेने विचारलं, काय झालं. मी मान हलवली आणि मठ्ठा वाढला.

जेवणं झाल्यावर विड्याला न थांबता मी विभागात गेले. शनिवारची दुपार, कुणी नव्हतं. मेस्त्रींच्या कपाटातला बिस्किटांचा डबा काढून मी टेबलावर उघडला. चौदा बुडखे, लाकडी गट्टूंवर चिकटवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. सेक्शन नाकाकडून मागे कापत आणले होते, म्हणजे बुडख्याची कापलेली बाजू ही पुढची बाजू. ती आपल्याकडे केली की जनावर आपल्याकडे तोंड करून. पंगतीतल्या माणसासारखं. उजवं भोक माझ्या डाव्या हाताला दिसायला हवं.

पहिला ब्लॉक. भोक डाव्या हाताला. दुसरा, तिसरा, आठव्यापर्यंत सगळे तसेच. नववा मी उचलला आणि खिडकीपाशी नेला. भोक उजव्या हाताला होतं. दहावाही. पुढचे चार मी एकदमच ओळीने मांडले.

मेस्त्री दारात कधी आले ते कळलं नाही. त्यांच्या हातात निरोपाचा नारळ होता आणि गळ्यात हार तसाच. आपला जुना चष्मा आणि चप्पल न्यायला आले होते. त्यांनी टेबलावरच्या दोन ओळी पाहिल्या. मग जवळ येऊन नववा ब्लॉक बऱ्या डोळ्याजवळ धरला.

"त्याच्या उजवीकडे म्हणालात तुम्ही," ते म्हणाले.

"हो."

"मी हो म्हणालो."

त्यांनी हार काढून खुंटीला अडकवला आणि स्टुलावर बसले.

"म्हणजे पिशवीवाला सरळच आहे."

"सरळच आहे. पंजासुद्धा त्याच बाजूला. मेस्त्री, साहेब परवा हैदराबादला चाललेत."

"मग आजच सांगायला हवं."

"सांगते. पण अर्ज..." मी आईच्या छातीचं काहीतरी बोलले. तिचा खोकला त्यांनी तासाभरापूर्वीच ऐकला होता.

"रजिस्टरात सही कोणाची आहे, बाई?"

"तुमची."

"मग?"

"पण काम माझं आहे."

"काम रजिस्टरात असतं त्याचं." ब्लॉक एकेक करून डब्यात ठेवत ते म्हणाले, "हे बघा. एकतीस वर्षांत माझं असलं काही निघालं नाही. आज निघालं तर साहेब ते डोळ्यावर घालतील. तुमचं पहिलंच निघालं तर तुमच्या हातावर घालतील. सोमवारपासून मी नाहीच. मला काय करणार आहेत?"

"असं नको."

"नको तर नको. तुम्ही फक्त बोलू नका. मी बघतो."

तेवढ्यात डॉक्टरांची सायकल वाजली. परिषदेचे कागद न्यायला आले असावेत. मेस्त्रींनी डबा माझ्या हातात दिला आणि आम्ही डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

डॉक्टरांनी उभ्याउभ्याच चौदा ब्लॉक पाहिले. एकदा, मग उलट्या क्रमाने परत. मग बसले. खिडकीतून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. त्यांनी नववा ब्लॉक टेबलावर आपल्याकडे तोंड करून ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पंजासुद्धा आपल्याच बाजूला," ते हळू आवाजात म्हणाले. "आपल्यासारखाच आहे म्हणजे."

नंतर त्यांनी रजिस्टर मागवलं. नऊ ते चौदाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणाच्या हातचे?"

"सही माझीच आहे, साहेब," मेस्त्री म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या काळ्या चष्म्याकडे, आणि मग माझ्याकडे. मी डबा दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"तुम्हाला काही सांगायचंय, मिस देवस्थळी?"

"नाही," मी म्हणाले.

हैदराबादला डॉक्टरांनी वाचलेला निबंध दहा मिनिटांत संपला, असं मागून कळलं. तोंडाचा भाग असो की पंजाचा, पोसमच्या देवडीची जोडणी इतर जनावरांसारखीच आपल्या बाजूच्या सालीशी आहे, एवढंच त्यात होतं. प्रश्न कुणी विचारला नाही. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या अर्जावर सही केली. ऑस्ट्रेलियाला परत जाण्याचं त्यांचं चाललं होतं, ते पुढे कधी निघालं नाही. एप्रिलपासून मी पक्की झाले. आईनं चूल विझवली. ती त्यानंतर अकरा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत स्वच्छ श्वास घेत होती.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी मेस्त्री विभागात आले. इथली खोली सोडून ते कायमचे मालवणला चालले होते. खिशातून त्यांनी एक लांब पाकीट काढलं. डॉक्टरांनी त्यांना पोस्टाने पाठवलं होतं. आधीचं दोन पानी टिपण छापून गेलं होतं, त्यामुळे त्याची दुरुस्तीही त्याच नियतकालिकात छापावी लागली होती. त्याचा हा कागद.

"माझं नाव आलंय म्हणे. हे बघा, हे मला ओळखू आलं." त्यांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. "काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा. गावात विचारतील."

मी वाचलं, मनात. तळाशी बारीक टाइपात दोन वाक्यं होती. नऊ ते चौदा या मेंदूंवरची बाजूची खूण आमचे तंत्रज्ञ आर. मेस्त्री यांच्या हातून विरुद्ध बाजूला झाली होती. त्यांनीच जपून ठेवलेल्या ब्लॉकांमुळे ही चूक लक्षात आली.

डॉक्टर खोटं लिहिणारे नव्हते. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी नीट लिहिलं होतं, आणि श्रेय द्यायलाही विसरले नव्हते.

"वाचा की, बाई."

"आमचे तंत्रज्ञ आर. मेस्त्री," मी वाचू लागले, "यांनी जपून ठेवलेल्या ब्लॉकांमुळे हे काम बिनचूक होऊ शकलं."

"एवढंच?"

"एवढंच."

"परत एकदा."

मी परत वाचलं. आवाज थोडा मोठा काढला. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेला आणि त्या ओळीवरून बोट फिरवत फिरवत सुरुवातीला आणलं.

"आणि हे नऊ आणि चौदा कशाला आलेत इथं?"

टेबलावर पाण्याचा ट्रे होता. त्यावर एक रिबन तरंगत होती. मी तिच्याकडे बघत म्हणाले, "ब्लॉकांचे नंबर आहेत."

"हं." त्यांनी कागदाची जुन्याच घड्यांवरून घडी घातली. "इंग्रजी येत नाही मला. आकडे येतात. एकतीस वर्षं तेच लिहिले."

त्यांनी पाकीट खिशात ठेवलं, टोपी नीट केली. दारापाशी थांबून मायक्रोटोमकडे पाहिलं, पात्याला धार आहे का विचारलं. मी आहे म्हणाले.

"बरं वाचलंत, बाई," ते म्हणाले. "गावात असंच सांगतो."

ते मालवणला सात वर्षं होते. तो कागद त्यांनी काचेत बसवून ओसरीवर लावला आहे, असं तिकडून आलेल्या एकाने मला सांगितलं. मी गेले नाही. डॉक्टर सबनीसही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तिथे सव्वीस वर्षं सेक्शन कापले, मुलींना शिकवलं. उजवी बाजू सांगायची वेळ आली की मी त्यांचा हात धरून दाखवत असे. कारण मात्र कधी सांगितलं नाही.

छापलेली ओळ आता बदलता येणार नाही. म्हणून इथे लिहिते. पहिल्या आठ मेंदूंवरची खूण रघुनाथ मेस्त्री यांनी केली आणि ती आठही ठिकाणी बरोबर होती. नववा, दहावा, अकरावा, बारावा, तेरावा आणि चौदावा माझ्या हातचे.